चर्चा धागा: अजगरावरच्या आफ्रिकी गोचिडीला वेगळा जीनस हवाच का?

रानवेडी (धागाकर्ती):
आफ्रिकी अजगरांवर जगणारी एक गोचीड आहे, ट्रान्सव्हर्सेल. १८४५ पासून विज्ञानाला माहीत, पण घर सतत बदलतंय. आधी बराच काळ ॲपोनोमा या जीनसमध्ये (जीनस म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट). त्यात डोळे नसलेल्या आणि बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांवरच्या गोचिडी एकत्र कोंबल्या होत्या. २००२ मध्ये ॲपोनोमा मोडला: ऑस्ट्रेलियातल्या काही जाती बोथ्रिओक्रोटॉनमध्ये गेल्या, आफ्रिकेतल्या ॲम्ब्लिओमात. २०२० मध्ये हॉर्नोक आणि सहकाऱ्यांनी जनुकीय तुलना करून हिला आफ्रिकॅनिएला या वेगळ्या जीनसमध्ये नेलं.

माझ्या मते हे अगदी योग्य झालं. भिंगाखाली बघा: शरीर लांबीपेक्षा रुंद, डोळे नाहीत. घोरपडीवरची एक्झॉर्नाटम ॲम्ब्लिओमातच राहिली, ट्रान्सव्हर्सेल मात्र वंशवृक्षाच्या त्या फांदीवर बसत नाही. ‘सापावर सापडते, मग सापवाल्यांच्या गटात टाका’ ही सवय आता सोडायला हवी.

पशुवैद्य:
ताई, तुमचं म्हणणं वंशवृक्षापुरतं ठीक. पण नावं वापरणारे आम्ही आहोत. दर वीसेक वर्षांनी नाव बदललं की जुन्या नोंदी हाताशी राहत नाहीत. २००० साली फ्लोरिडात झांबियाहून आलेल्या लेपर्ड कासवांवर ॲम्ब्लिओमा स्पार्सम सापडली आणि तिच्यात हार्टवॉटरचा जिवाणू निघाला. गाईगुरं, शेळ्यामेंढ्या मारणारा रोग हा. त्याच वर्षी अमेरिकेने तीन आफ्रिकी कासवांची आयात बंद केली. त्या वेळी कामी आलं ते ‘कुठली गोचीड, कुठल्या प्राण्यावर, काय वाहून आणते’ हे. जीनस कुणाला विचारायचा होता?

रानवेडी:
पण कुठली गोचीड हे ठरलं कशावरून? तिची ओळख पक्की होती म्हणूनच ना! आणि यजमानावर, म्हणजे गोचीड ज्याच्यावर जगते त्या प्राण्यावर, इतका भरवसा नको. कासवांवरची मार्मोरियम घ्या. प्रौढ गोचिडी कासवांवर, पण पिल्लं गिनीफाउल, ससे, शेळ्या, जे मिळेल त्यावर. मग हिला ‘कासवाची’ म्हणायचं की नाही? यजमान ही नोंद झाली, नातं नव्हे.

माळरान:
मी दोघांशीही सहमत नाही. यजमानांच्या याद्याच मुळात एका बाजूला झुकलेल्या आहेत. घाना, टोगो, बेनिनमधून बॉल पायथन हे छोटे अजगर हजारोंनी बाहेर जातात आणि गोचिडी तपासल्या जातात त्या बऱ्याचदा युरोप-अमेरिकेत पेटी उघडल्यावर. जो प्राणी विकला जातो त्याच्याच नोंदी वाढतात. रानातला पफ ॲडर हा विषारी साप कोण उलटून पाहतो? लेटम ही गोचीड तर पफ ॲडर, नाग, अजगर अशा कितीतरी सापांवर मिळते.

आता जीनस. एक-दोन जातींसाठी आख्खा जीनस! शिवाय माइटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या छोट्या घटकातली जनुकं एकत्रच वारशाने येतात. दोन-तीन तपासली तरी तो एकाच साक्षीदाराला पुन्हा पुन्हा विचारण्याचा प्रकार झाला. पेशीच्या केंद्रकातली भरपूर जनुकं तपासा, मग बोलू.

रानवेडी:
साक्षीदाराचं पटतं, केंद्रकाची माहिती वाढायलाच हवी. पण ‘जाती फार कमी’ हा आक्षेप मला मान्य नाही. न्यूझीलंडच्या टुआटारा या सरड्यासारख्या प्राण्यावरची गोचीड २०१८ पासून आर्किओक्रोटॉन या जीनसमध्ये आहे, आजच्या गोचिडींपैकी एकटीच. जुन्या फांदीवर एकच पान उरलं तर ते तोडून शेजारच्या फांदीला चिकटवायचं का? तसं केलं तर ॲम्ब्लिओमा पुन्हा बाकीच्या गोचिडींचं गोदाम होईल. ॲपोनोमाचं हेच झालं होतं.

पशुवैद्य:
आपल्याकडचंही बघा. घोरपड, धामण यांच्यावरची गर्व्हेसी गोचीड आपल्या जुन्या कागदांत ॲपोनोमा म्हणून आहे, नव्यात ॲम्ब्लिओमा. विद्यार्थी एकच नाव शोधतो आणि निम्म्या नोंदी त्याच्या हाती लागतच नाहीत. मुंबई विमानतळावर तस्करीतले बॉल पायथन पकडले गेलेत, घराघरांतही पाळले जातात. उद्या त्यांच्यावरून गोचीड उतरली तर तपासणाऱ्याला दोन्ही नावं ठाऊक हवीत. नवं नाव द्या, हरकत नाही, पण त्याच्याशेजारी जुनं छापायची सक्ती करा.

माळरान:
आणि नमुना जपून ठेवायचीही. नाकपुडीतून गोचीड ओढताना मुखांग तुटून आत राहतं आणि उरलेलं धड बाटलीत जातं. नाइल घोरपडीच्या नाकपुड्यांत एक्झॉर्नाटम गच्च बसलेली असते, तिथे हे हमखास होतं. मुखांगच नसेल तर भिंगाखाली बघून ओळख कशी पटवणार? चिमटा कातडीला टेकवून सरळ वर ओढा, अल्कोहोलमध्ये ठेवा, चिठ्ठीवर जागा, तारीख, प्राण्याची जात आणि अंगावरची नेमकी जागा लिहा. जीनसचा वाद मी त्यानंतरही घालणारच आहे.