ग्राहकाशी डेव्हलपरनेच बोलावं

'ग्राहकाला काय हवंय तेच कळत नाही, बोलणं मॅनेजरवर सोडा,' असं या चर्चेत वर एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या काही हळदीच्या अडत दुकानांचं, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानांचं, सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. एका शेठनी मागणी केली, 'छापलेली पट्टी बदलता आली पाहिजे.' पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा छापील हिशोब. आमचा नवा मुलगा लगेच 'होईल' म्हणणार होता. मी विचारलं, "शेवटची कधी बदलावी लागली? ती पट्टी दाखवता का?" त्यांनी गल्ल्यातून कागद काढला. वजन, दर सगळं बरोबर. फक्त एकाची हमाली दुसऱ्याच शेतकऱ्याच्या नावावर पडलेली. छापण्याआधी एकदा तपासायची सोय दिली आणि काम भागलं. शेतकऱ्याच्या हातात पट्टी गेल्यावर मागून आकडे बदलता आले असते, तर दुकानावरचा विश्वासच उडाला असता.

कोड लिहिणाऱ्यानेच तिथे बसावं, कारण असा पुढचा प्रश्न त्यालाच सुचतो. सौदे चालू असताना मात्र जाऊ नका, कुणाचं लक्ष नसतं. जे ठरलं ते त्यांच्याच शब्दांत व्हॉट्सॲपवर मराठीत पाठवा. आणि तारीख चुकणार असेल तर कळलं त्याच दिवशी स्वतः फोन करा, आवकेच्या हंगामात तर नक्कीच.