काठमांडूचा विमानतळ : तुम्ही किती घिरट्या घातल्यात? अनुभव लिहा

गायरानवाला

नमस्कार मंडळी, मागच्या आठवड्यात काठमांडूहून परत आलो आणि डोक्यात पशुपतिनाथापेक्षा तिथला विमानतळच जास्त घोळतोय, म्हणून हा धागा.

मुंबईहून आमचं विमान वेळेत सुटलं, चहा झाला, सँडविच झालं, सगळे डाव्या खिडक्यांना चिकटून हिमालय बघायला लागले (जाताना डावीकडची सीट घ्या, येताना उजवीकडची, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, मी उजवीकडे बसून ढग बघत होतो). आणि मग विमान वळायला लागलं. वळलं, परत वळलं, परत तीच नदी, परत तेच जंगल. कॅप्टन म्हणाला आपला नंबर नववा आहे. नववा!! आकाशात नंबर लावलेला मी पहिल्यांदाच ऐकला. शेजारचे काका शांतपणे म्हणाले, "कल्याणच्या अलीकडे लोकल उभी असते ना, तसंच हे. फक्त इथे उतरून चालत जाता येत नाही." पन्नास मिनिटांनी उतरलो.

नंतर वाचलं तर ही जागा म्हणजे पूर्वी चक्क गुरं चरायचं माळरान. गौचरन म्हणायचे, म्हणजे आपलं गायरान. १९४९ मध्ये तिथे पहिलं विमान उतरलं, १९५५ मध्ये राजा त्रिभुवन यांचं नाव दिलं गेलं. आणि आजही धावपट्टी एकच. देशी, परदेशी, डोंगरात जाणारी चिमुकली विमानं, हेलिकॉप्टरं, सगळं एकाच पट्टीवर. गाई असत्या तर निदान बाजूला तरी झाल्या असत्या.

तर तुमचे अनुभव येऊ द्या. छोटे-मोठे, चांगले-वाईट, सगळे चालतील.

सुमेधा_डोंबिवली

आमची वरात निघाली होती आजीच्या हट्टापायी. वय ८२, पशुपतिनाथ बघितल्याशिवाय जाणार नाही म्हणून बसलेली. आम्ही नऊ जण. मुंबईत चेक-इनला पहिलाच फटका, मामाने फक्त आधार कार्ड आणलेलं. वय ४३. काउंटरवरची मुलगी म्हणाली नेपाळला विमानाने जायला पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. मामाने आजीकडे बोट दाखवलं, "तिचं कसं चाललं मग?" तर पासष्टच्या वर आणि पंधराच्या खाली असलेल्यांना चालतं. मामा इतका चिडला की म्हणाला आमच्या दोघांच्या वयाची सरासरी काढा. शेवटी मामी पुढे गेली आणि मामा रात्री घरी जाऊन कपाटं उपसत बसला, दुसऱ्या दिवशी नवीन तिकीट काढून आला, त्याचे पैसे किती गेले ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

पण मला लिहायचंय ते आजीबद्दल. काठमांडूला उतरलो आणि ती व्हीलचेअरवर बसल्या बसल्या मोठ्याने पाट्या वाचायला लागली. आगमन. प्रस्थान. शौचालय. धूम्रपान निषेध. काय सांगू तिचा चेहरा! दुबईला काकाकडे गेली होती तेव्हा दोन महिने मुकी होऊन बसलेली, आणि इथे परदेशात आल्या आल्या सगळं वाचता येतंय. "अगं हे तर आपल्याच अक्षरात लिहितात!" मग एका पाटीवर अडकली, म्हणाली, "भंगार इथे कशाला ठेवलंय?" भन्सार लिहिलं होतं, म्हणजे कस्टम्स. आणि इमिग्रेशनला अध्यागमन. ते तिला फार आवडलं, परत आल्यावर कुणी पाहुणे आले की दारातून म्हणायची, या, अध्यागमन करून घ्या.

जुना_वैमानिक

गायरानवाला, तुमच्या पन्नास मिनिटांचं कारण सांगतो, थोडं तांत्रिक आहे, सहन करा.

काठमांडू म्हणजे वाटी. तळ साधारण १३३८ मीटर उंचीवर आणि चारी बाजूंनी डोंगर. दक्षिणेकडून येताना आधी महाभारत नावाची डोंगररांग ओलांडायची आणि मगच खाली यायचं, त्यामुळे उतार नेहमीपेक्षा तीव्र, टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्याला उंची तपासत. पुढे उत्तरेला अजून उंच डोंगर, म्हणून "बघू पुढे काय ते" हा प्रकार नाही. बहुतेक वेळा विमानं दक्षिणेकडून येऊन उतरतात आणि परत दक्षिणेकडेच तोंड करून उडतात. म्हणजे एकाच पट्टीवर समोरासमोरची वाहतूक, घाटातल्या एकेरी रस्त्यासारखी. एक आत येईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. त्यात समांतर टॅक्सीवे (विमानं चालत न्यायचा बाजूचा रस्ता) पट्टीच्या टोकापर्यंत नव्हता, त्यामुळे विमानाला पट्टीवरूनच मागे चालत जावं लागायचं. नोव्हेंबर २०२४ पासून पाच महिने रोज रात्री १० ते सकाळी ८ विमानतळ बंद ठेवून काम चाललं होतं ते त्याच्यासाठीच.

१९९२ मध्ये ३१ जुलै आणि २८ सप्टेंबर, दोन महिन्यांत दोन मोठी विमानं या डोंगरांवर आदळली. ११३ आणि १६७ माणसं. दोन्ही उतरायला येत होती. तेव्हा तिथे रडारसुद्धा नव्हतं, ते नंतर जपानच्या मदतीने आलं. म्हणून सांगतो, घिरट्या घालणारा कॅप्टन हा चांगला कॅप्टन. कंटाळा आला तर झोपा.

गायरानवाला

वैमानिक काका, दंडवत. आता पुढच्या वेळी शिव्या देणार नाही. मनात देईन.

सह्याद्रीचा_पाव्हणा (कोल्हापूर)

आमी सहा जण एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेलतो. लुक्लाचं (तिथनं चालायला सुरुवात) विमान काठमांडूहून असतंय असं डोक्यात, तर एजंट म्हणाला रात्री दीड वाजता हॉटेलखाली या. दीड?! गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीच विमानं काठमांडूवरनं सोडतच न्हाईत, पट्टीवर जागा नसते म्हणून रामेछापला न्हेतात. चार-पाच तास वळणावळणाचा रस्ता, अर्ध्या गाडीनं ओकाऱ्या काढल्या, आणि पहाटे तिथं पोचून बघतो तर पत्र्याच्या शेडम्होरं जत्रा भरलीया.

येताना मात्र थेट काठमांडूला विमान मिळालं. निघताना लुक्लाचं टर्मिनल म्हणजे आपलं एसटी स्टँडच, वजनकाट्यावर सॅक ठेवा, पंधरा किलोच्या वर पैसे. आमच्या बंड्यानं सॅकमधलं वजन कमी करायला दोन जॅकेट, तीन टीशर्ट अंगावर चढवले, खिशात शेंगदाण्याचे लाडू कोंबले आणि काट्याम्होरं असा उभा राहिला जसा गणपतीच. माणूस हसला आणि सोडला.

मिताली

माझा छोटासाच. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. फोन आपोआप बदलतो, पण बाबांच्या मनगटावर जुनं एचएमटी, ते काढणार नाहीत आणि बदलणारही नाहीत. परतीच्या दिवशी बाहेरच्या टपरीवर निवांत चिया पीत "अजून वेळ आहे गं" करत बसले. आईने हात धरून ओढत आत नेलं. काउंटर बंद व्हायला चार मिनिटं होती.

पुणेरी_टाक

मार्च २०१५. त्या महिन्यात काठमांडूत असलेल्या कुणालाही विचारा. सकाळच्या धुक्यात एक मोठं परदेशी विमान उतरताना पट्टीवरून घसरलं आणि नाक जमिनीत रुतवून बसलं. सुदैवाने माणसं वाचली. पण एकच पट्टी, आणि तिच्यावर हे धूड! चार दिवस आख्खा आंतरराष्ट्रीय विमानतळ बंद. आमच्या हॉटेलच्या गच्चीवरून दुर्बिणीतून दिसायचं, पांढरा हत्ती गाळात बसलाय आणि आजूबाजूला माणसं मुंग्यांसारखी. शेवटी विमान उचलायचं सामान भारतातून आपल्या हवाई दलाच्या विमानाने आणावं लागलं. आम्ही तोपर्यंत वाट न बघता बसने सुनौलीला आलो, तिथून गोरखपूर, तिथून रेल्वे. तीन दिवस लागले. घरी पोचल्यावर बातमी, विमानतळ कालच सुरू झाला.

अश्विनी_नाशिक

पुणेरी टाक, तुम्ही मार्चला सुटलात. आम्ही २५ एप्रिलला तिथे होतो.

याबद्दल मी फारसं लिहीत नाही, पण विमानतळाचा धागा आहे तर लिहितेच. दुपारी बारा वाजायला चार मिनिटं असताना भूकंप झाला तेव्हा आम्ही ठमेलच्या रस्त्यावर होतो, मी, नवरा आणि सव्वा वर्षाची मुलगी. हॉटेलात परत जायची कुणाचीच हिंमत नव्हती, सामान तिथेच. संध्याकाळी चालत विमानतळावर आलो कारण तिथे मोकळं मैदान होतं आणि विमान हा एकच शब्द डोक्यात होता. हजारो माणसं आधीच आलेली. रात्री पाऊस. इमारतीत जायला लोक घाबरत होते, बाहेर भिजायला होत होतं, मधल्या पोर्चमध्ये खेटून उभे.

तिथे झाडझूड करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी सामानाची एक ट्रॉली ओढत आणली, तिच्यावर पुठ्ठा घातला, स्वतःची शाल घातली आणि माझ्या हातातून मुलीला घेऊन "नानी, सुत" (बाळा, झोप) म्हणत त्यात झोपवलं. आणि मग ट्रॉली मागे-पुढे, मागे-पुढे. पाळण्यासारखी. एक चाक करकरत होतं. त्यांचं स्वतःचं घर उभं होतं की नाही ते मी विचारलं नाही. सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हवाई दलाच्या रांगेत असताना परत मोठा धक्का बसला, आख्खी रांग एकदम खाली बसली, काचा थडथडल्या, आणि एक मिनिट कुणीच बोललं नाही. मग मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, "रांग सोडू नका रे." रडता रडता हसले मी. रात्री उशिरा मालवाहू विमानात जमिनीवर बसून दिल्लीला पालमला आलो. तिथून महाराष्ट्र सदन, गरम वरणभात.

मुलगी आता अकरावीकडे वळलीये... नाही नाही, अकरा-बारा वर्षांची झालीये, काय लिहितेय मी. ट्रॉली दिसली की अजून बसायला बघते.

गायरानवाला

अश्विनीताई, 🙏

दोहाकर

मी कामानिमित्त दोह्यात. काठमांडूला एकदा मुद्दाम गेलो, पाच दिवस फिरलो, परत दोह्याला. त्या विमानात पर्यटक असे आम्ही मोजून चार-पाच, बाकी सगळी कामाला निघालेली पोरं. विमानतळाच्या दारात प्रत्येकाभोवती आख्खं गाव, गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळभर दही-तांदूळ-कुंकवाचा टिका. आई रडतेय, बाप घड्याळ बघतोय, पोरगं मोबाईल बघतंय.

माझ्या शेजारी एक जण, जेमतेम एकवीस. कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी गळ्यात. पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. विमान वर गेलं तसा टिका सुकायला लागला आणि तांदळाचे दाणे समोरच्या ट्रेवर पडायला लागले. त्याने एकेक दाणा बोटाने टिपून शर्टाच्या खिशात टाकला. जेवण आलं तेव्हा आधी ट्रे नीट बघितला, राहिला नाही ना एखादा.

उलट बाजूचं दृश्य पण असतं म्हणा. काठमांडूला सामानाच्या पट्ट्यावर रांगेने चादरीत गुंडाळलेले टीव्ही येतात, त्यावर मार्करने नाव आणि जिल्हा. आणि कधी कधी त्याच विमानाच्या पोटातून लाकडी पेटीही येते, ती दुसऱ्या दाराने बाहेर जाते. तिथेही माणसं झेंडूच्या माळा घेऊनच उभी असतात.

नागपुरी_संत्रं

दोहाकर, काय बे, रडवलं ना.

माझा साधाच आहे. परतीला सगळ्या तपासण्या करून बसनं विमानापाशी गेलो, आता चढायचं, तर शिडीच्या खाली परत टेबल मांडून झडती. पर्स उघडा, बूट दाखवा, हात वर. मी चिडलो, म्हटलं आत्ताच तर केलं ना तुमी. तर सोबतचे एक आजोबा म्हणाले, "२४ डिसेंबर १९९९ आठवतं का? ते कंदाहारला नेलेलं विमान इथूनच उडालं होतं." तेव्हापासून भारतीय विमानांना ही जास्तीची तपासणी. मंग मी गप हात वर केले.

गौरी_ठाणे

सप्टेंबर २०२५ कुणीच लिहिलं नाही? ९ तारखेला आम्ही दिल्लीहून निघालो होतो. आदल्या दिवशी तिथल्या तरुण मुलांच्या आंदोलनात गोळीबार झाला होता तरी विमान सुटलं, म्हटलं ठीक असेल. काठमांडूच्या जवळ जाऊन घिरट्या सुरू. मला हा धागा तेव्हा माहीत असता तर मी झोपले असते. पण या वेळी नंबरबिंबर काही नाही, विमानतळच बंद केला, शहरात धूर होता. परत दिल्ली. म्हणजे मी काठमांडूला "जाऊन" आलेय पण पाय टेकलेले नाहीत. माझी नणंद मात्र तिथे अडकलेली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमानतळ उघडला तेव्हा संचारबंदीत तिकीट दाखवत दाखवत चालत गेली.

सुमेधा_डोंबिवली

गौरी, मग परत कधी चाललीस?

गौरी_ठाणे

मार्चमध्ये. डावी खिडकी घेतलीये. कुणी रामेछापला नेणार नाही ना मला?

सह्याद्रीचा_पाव्हणा (कोल्हापूर)

लुक्लाला जाणार नसाल तर न्हाई. जाणार असाल तर लिंबू ठेवा संगं.