आधी लेखन, मग साधन

लेखन-शिक्षकांच्या कार्यशाळेची सुरुवात संगणकावरील लेखन-साधनांच्या ओळखीने करावी, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. नागपुरात लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांना मी आधी गूगल डॉक्समध्ये स्वतःचा एक परिच्छेद लिहायला लावते आणि मग आवृत्ती इतिहास (मजकुरात केलेल्या बदलांची आपोआप ठेवली जाणारी नोंद) उघडून कोणते वाक्य कधी खोडले, कोणते वर सरकवले, हे त्यांनाच पाहायला सांगते. संत्र्याच्या बागेवर लिहिणाऱ्या एका बाईंनी शेवटचे वाक्य सुरुवातीला आणल्याचे पडद्यावर दिसले, तेव्हा पुनर्लेखन वेगळे समजावून सांगावे लागले नाही. साधन आधी शिकवण्याला अपवाद फक्त फॉन्ट आणि कळफलकाचा: कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर गूगल डॉक्समध्ये चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात, म्हणून युनिकोड (सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरांची प्रमाण संकेतपद्धती) आणि इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळफलक-रचना) यांसाठी पहिला तास अवश्य राखून ठेवावा.