डॉग शोमधलं ज्युनियर हँडलिंग (मुलं रिंगमध्ये कुत्रा कसा दाखवतात याची स्पर्धा) जज करताना नक्की बघायचं काय?

रिंगसाइड: आजवर ब्रीड क्लासच (जिथे कुत्र्याची ठेवण बघतात) जज केलेत, आता पहिल्यांदाच मुलांचा क्लास आलाय. मार्क कुत्र्याला नाही, मुलाला द्यायचे हे कळतं हो, पण इतकी वर्षं टॉपलाइन (पाठीची रेषा) आणि खांदे बघायची सवय, डोळा तिकडेच जातो. शिवाय एकाकडे मुरलेला शांत कुत्रा आणि दुसऱ्याचं पिल्लू रिंगभर उड्या मारतंय, तर तुलना कशी करायची?

लूज_लीड: अहो उड्या मारणारं पिल्लू असेल तर तुम्हाला उलट जास्त दिसतं. पोरगं लीडला (कुत्र्याच्या दोरीला) हिसके देतं का, बाहेर उभ्या आईबाबांकडे बघतं का, की एक छोटा गोल मारून शांतपणे पुन्हा सुरू करतं? मी तर असल्या मुलाला वर ठेवते, कुत्रा शेवटपर्यंत नीट उभा राहिला नाही तरी. दुसरं म्हणजे तुम्ही कुत्र्याच्या पलीकडच्या बाजूला जा, तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये येऊ नये म्हणून मूल आपणहून जागा बदलतं का ते बघा. ब्रीडचा अभ्यासही लगेच कळतो, जर्मन शेफर्डचा एक मागचा पाय पोटाखाली घ्यायचा असतो, तो चारही पाय चौकोनी ठेवून उभा केला म्हणजे घरी तयारी झालेली नाही.

टेबल_ब्रीड: सहमत, फक्त देखाव्याला भुलू नका. काही मुलं सतत जजकडे बघून हसतात, पाय बरोबर पडलेला असला तरी उचलून पुन्हा ठेवतात. चांगला हँडलर असला की आपली नजर कुत्र्यावरच राहते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि सगळ्यांना पॅटर्न (कुत्रा पळवायचा मार्ग) एकच द्या, एकाला ट्रँगल आणि दुसऱ्याला नुसतं सरळ जाऊन परत असं नको.

रिंगसाइड: शेवटच्या दोघांत ठरत नसेल तर कुत्रे अदलाबदल करायला सांगू का?

लूज_लीड: आधी तुमचे नियम बघा. काही देशांत फायनलला करतात, पण अमेरिकन केनेल क्लबच्या नियमात जजला तसं सांगता येत नाही. त्यापेक्षा दोघांना पुन्हा एकदा पळवा. आणि वय लक्षात ठेवा, त्यांच्याकडे ९ ते १२, १२ ते १५, १५ ते १८ असे गट करतात ते उगाच नाही, नऊ वर्षांच्या मुलाकडून सतरा वर्षांच्या पोराची सफाई मागू नका.