मदत हवी आहे: तालमीची कीर्द जुळते, पण उत्पन्न-खर्च पत्रक कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात आमची पेठेतली तालीम आहे. फुटबॉल संघ, व्यायामशाळा आणि गणपती असा तिहेरी संसार. 1860 च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी आहे, धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणूनही आहे. यंदा खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली. हातात आली ती एक कीर्द (रोजच्या जमा-खर्चाची वही) आणि पावती पुस्तकं. कीर्द चोख आहे, 31 मार्चची शिल्लक पासबुकाशी पैशाला पैसा जुळते. पण ऑडिटर म्हणतात, "हे झालं जमा-खर्च पत्रक. उत्पन्न-खर्च आणि ताळेबंद कुठाय?"

बँकेत 1,62,000 आहेत. हा आकडा मीटिंगमध्ये फुटला आणि संघाची पोरं लगेच नव्या किटचं बोलायला लागली!

अडतंय ते इथं:

वर्गणी 96,000 जमा झाली. त्यात 9,000 मागच्या वर्षाची थकबाकी आणि 6,000 पुढच्या वर्षाची आगाऊ. यंदाची 12,000 अजून यायची आहे. (मागच्या वर्षी आगाऊ कुणी दिली नव्हती.)

एका सभासदांनी वडिलांच्या नावे 50,000 दिलेत. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून दरवर्षी चांगल्या गोलकीपरला बक्षीस द्यायचं.

80,000 ची मल्टिजिम घेतली. शिवाय मार्चमध्ये आलेल्या जर्सींचं 16,000 चं बिल द्यायचं राहिलंय.

यातलं उत्पन्न कुठलं, खर्च कुठला?

प्रतिसाद 1

भावा, कीर्द जुळते म्हणजे अर्धं काम झालं. जमा-खर्च पत्रक फक्त पैसा आला-गेला एवढंच सांगतं. उत्पन्न-खर्च पत्रकात त्या वर्षाचं तेवढंच घ्यायचं, पैसा हातात कधी पडला ते बघायचं नाही. ताळेबंद म्हणजे 31 मार्चला संस्थेकडे काय आहे आणि काय देणं आहे त्याची यादी.

वर्गणी: 96,000 मधून 9,000 आणि 6,000 वजा, 12,000 मिळव. 93,000 हे यंदाचं उत्पन्न. आगाऊ 6,000 ताळेबंदात देणं, 12,000 येणं. मागचे 9,000 गेल्या वर्षीच्या ताळेबंदात येणं म्हणून दाखवले होते का, ते आधी बघ. नसतील तर ते वजा करून चालणार नाही, यंदाच्याच उत्पन्नात घ्यावे लागतील.

50,000 उत्पन्नात अजिबात धरू नकोस. तो कायम निधी, ताळेबंदाच्या निधी व देणी बाजूला स्वतंत्र नावानं. दात्याकडून अट लेखी घे आणि पैसे वेगळ्या मुदत ठेवीत टाक. चालू खात्यात राहिले तर गोलकीपरचं बक्षीस किटमध्ये जाणार, हे लिहून ठेव.

मल्टिजिम ही मालमत्ता. खर्चात फक्त यंदाचा घसारा, म्हणजे वापरानं घटलेली किंमत. जर्सीचे 16,000 मात्र पैसे दिले नसले तरी यंदाचाच खर्च आणि तेवढंच देणं.

आता पोरांना सांग: 1,62,000 मधून 50,000, 6,000 आणि 16,000 काढले की 90,000 उरतात. बोलायचं ते एवढ्यावरच.

प्रतिसाद 2

वरचं बरोबर, पण थकीत वर्गणीबाबत माझं मत वेगळं. तालमीतली थकबाकी म्हणजे "देतो की, कुठं पळून चाललोय?" हे पाच-पाच वर्षं ऐकायचं. 12,000 उत्पन्नात धरून कागदावर शिल्लक फुगवण्यापेक्षा वर्गणी आली की धरावी. लहान संस्था रोख पद्धतीनं हिशोब ठेवू शकते. फक्त पद्धत दरवर्षी तीच हवी, सोयीनुसार फिरवायची नाही. मग 9,000 चाही प्रश्न उरत नाही.

आणि गणपतीची वही वेगळी असली तरी पावत्या तालमीच्या नावानं फाडल्या असतील तर ताळेबंद एकच.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. मागचा ताळेबंद काढला, त्यात 9,000 येणं दाखवलेलं आहे. म्हणजे आमची पद्धत येणं-देणं धरूनच चाललीय, तीच ठेवतो. पण यंदाच्या 12,000 च्या येण्यात दोन सभासद असे आहेत की पुणे-मुंबईला गेलेत आणि फोनही उचलत नाहीत. त्यांचंही येणंच दाखवायचं का?

प्रतिसाद 1

नाही. कार्यकारिणीत ठराव करून बुडीत म्हणून खर्ची टाक, ठरावाची प्रत ऑडिटरला दे. आणि ताळेबंद ट्रस्ट कायद्याच्या नियमांतल्या परिशिष्ट 8 व उत्पन्न-खर्च परिशिष्ट 9 च्या नमुन्यातच कर, ट्रस्टला तोच लागतो. ऑडिट सहा महिन्यांत व्हायला हवं, म्हणजे सप्टेंबरअखेर. गणपतीच्या धांदलीत ते मागं पडतं, म्हणून जूनमध्येच उरकून घे.