परवान्याचे पिस्तूल कमरेला लावताना सेफ्टीचा खटका कुठे हवा आणि होल्स्टर कोणते?

मिलिंद (चर्चाप्रस्ताव)
पिस्तूल घेताना सेफ्टीचा खटका फ्रेमवर (मुठीसकटच्या खालच्या सांगाड्यावर), अंगठ्याखाली असलेलेच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. ईशापूरला बनणारे ९ मिमीचे १ए पिस्तूल, म्हणजे आपले ब्राउनिंग हाय-पॉवर, हाताळलेल्यांना ही रचना अंगवळणी पडलेली असते: खटका वर केला की बंद, खाली दाबला की तयार, आणि मूठ आवळताना अंगठा तसाही खालीच येतो. बेरेटा ९२ एफएसमध्ये खटका स्लाइडवर (वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) असून गोळी झाडण्यासाठी तो वर ढकलावा लागतो. शिवाय स्लाइड घाईने खेचताना हाताच्या धक्क्याने तो खाली जाऊन पिस्तूल नकळत बंद होते, ही तक्रार जुनीच आहे. अमेरिकी लष्कराने २०१७ मध्ये बेरेटाच्या जागी निवडलेल्या सिगच्या पिस्तुलावर खटका फ्रेमवरच आहे, हेही बोलके आहे.

उज्ज्वला
मिलिंदराव, आपण जवानाचा विचार करीत आहात, परवानाधारकाचा नव्हे. ९ मिमी आपल्याला मिळत नाही. सामान्य परवानाधारकाच्या हाती बहुधा ०.३२ बोअरचे पिस्तूल येते, आणि ते वर्षानुवर्षे केवळ बाळगले जाते. पिस्तूल उजव्या कमरेला लावले, तर डावीकडचा खटका पोटाला घासतो. फ्रेमवरचा खटका असा घासून खाली गेला तर पिस्तूल झाडण्यास तयार होते. बेरेटाचा खाली गेला तर ते बंद होते आणि चढलेला घोडाही (गोळी पेटवणारा आघात करणारा मागचा भाग) सुरक्षितपणे उतरतो. चूक व्हायचीच असेल, तर ती याच बाजूला झालेली बरी.

प्रभाकर
माझ्या मते दोघेही खटक्यावर नको तितका भर देत आहात, कारण ग्लॉक पिस्तुलाला असा खटकाच नाही आणि तरीही राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल ते वापरते. चाप पूर्ण झाकणारे ताठ होल्स्टर ही खरी सेफ्टी होय. कातड्याचे स्वस्त होल्स्टर कोकणच्या दमटपणात घाम धरून ठेवते, स्लाइडवर गंज चढतो आणि काही काळाने त्याचे तोंड मऊ पडून आत वळते. पिस्तूल परत ठेवताना तीच घडी चापाच्या कडीत शिरली, तर गोळी सुटू शकते. कायडेक्स या कडक प्लास्टिकचे होल्स्टर दिसायला ओबडधोबड असले तरी त्याचे तोंड उघडेच राहते.

मिलिंद
प्रभाकरराव, कातडे सरसकट बाद करणे मला पटत नाही. घोडा चढवून, खटका लावून बाळगायचे असेल, तर घोडा आणि स्लाइड यांच्यामधून जाणारा बटणाचा पट्टा चांगल्या कातडी होल्स्टरलाच शोभतो, आणि तो असताना खटका सरकला तरी घोडा पट्ट्यावर अडतो.

उज्ज्वला
पट्टा आहे म्हणून घोडा चढवून हिंडावे, हे मला मान्य नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलेच हवे. म्हणजे सदऱ्याआडून ते काढायला तसाही वेळ लागणार. त्यात स्लाइड खेचण्याचा एक क्षण वाढला, तरी चेंबर (नळीच्या मागची, झाडायच्या गोळीची जागा) रिकामेच ठेवावे.