उमेदवारांचे कोटी आणि ओला कापूस: खान्देशातली दरी रुंदावते कुठे?

तापीकाठ:
निवडणूक आली की उमेदवारांच्या कोटींचे आकडे छापून येतात, दोन दिवस हळहळ होते, विषय संपतो. माझं म्हणणं एवढंच, की आकड्यापेक्षा तो वाढतो कसा ते बघा. आपल्याकडे ते कापसाच्या काट्यावर दिसतं.

लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ८ टक्के ओलाव्यापर्यंत सीसीआय (केंद्र सरकारचं कापूस महामंडळ) पूर्ण भाव देते, त्यापुढे टक्क्यामागे टक्का कपात आणि १२ च्या वर माल नाकारतात. ११ टक्के निघाला तर क्विंटलमागे २४३ रुपये गेले, १३ निघाला तर गाडी माघारी. परतीचा पाऊस झाला की पहिल्या वेचणीचा माल ओला असतोच. ज्याच्याकडे वाळवायला खळं नाही, भरून ठेवायला खोली नाही आणि दिवाळीला कृषी केंद्राची उधारी चुकवायची आहे, तो दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला म्हणेल त्या भावात माल देतो. तोच माल गोदामात सुकून कुणाच्या तरी सातबाऱ्यावर हमीभावाने विकला जाण्याचे प्रकार होतात. जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना), बाजार समिती आणि बँक एकाच घराण्याच्या हातात असली तर दाद मागायची कुणाकडे?

वरून ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं, मग ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला माल बाजारात यायच्या वेळी.

अमळनेरचा:
पुढाऱ्यांवरचा राग समजतो, पण भांडवलाला त्याच दावणीला बांधू नका. १९४५ ला अमळनेरात वनस्पती तेलाचा कारखाना उभा राहिला, त्याचीच पुढे विप्रो झाली. ज्यांनी शेअर धरून ठेवले, त्या गावातल्या साध्या घरांतही पैसा आला. रावेर-यावलची केळी आज ठिबक आणि टिश्यू कल्चरच्या रोपांवर उभी आहे, तीही उद्योगानेच दिली. शुल्काचं म्हणाल तर महाग रुईने सूतगिरणी बंद पडली, की कामगार घरी बसतो. त्याचा विचार कोण करणार?

तापीकाठ:
भाऊ, शेअर धरून ठेवायला आधी खायची सोय लागते. धडगाव-अक्कलकुव्याची जोडपी ऊसतोडीला गुजरातेत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते आणि हंगामभराची मजुरी तिच्यातच वळती होते. त्यांनी काय धरून ठेवायचं?

नमुना२६:
दोघांनी एकदा उमेदवाराचं शपथपत्र नीट वाचा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. एकूण बेरीज आधी बघू नका, ती फसवी असते. आधी पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न बघा. मग जमिनीच्या रकान्यात खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजची अंदाजे किंमत. पाच वर्षांत घेतलेल्या जमिनींची खरेदी किंमत जोडा. ती त्याच काळातल्या उत्पन्नात आणि कर्जात बसत नसेल, तर प्रश्न तिथे विचारायचा.

निसटतं कुठे? शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचे शेअर पुस्तकी, म्हणजे कंपनीच्या हिशोबवहीतल्या किमतीने दाखवायचे असतात. म्हणजे खासगी जिनिंगच्या नावावर हमरस्त्यालगतची जागा असली, तरी तिचा बाजारभाव दिसत नाही. कमावत्या, अवलंबून नसलेल्या मुलाची मालमत्ता द्यावीच लागत नाही. आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे कुठलाही पैसा तिथे टाकायचा मोह मोठा. उताऱ्यावरचं क्षेत्र, पीक आणि दाखवलेलं उत्पन्न ताडून पाहा, कोरडवाहू दहा एकरांतून काय निघतं हे इथल्या प्रत्येकाला कळतं. खोटी माहिती दिल्याची शिक्षा मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दंडावर सुटता येत असेल तर धाक कसला?

अमळनेरचा:
हे पटलं. पण उपाय म्हणून श्रीमंतांवर नवा कर नको. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द केला, कारण मिळकत थोडी आणि वसुलीचा व्याप मोठा. शिवाय तो पैसा जाणार त्याच पुढाऱ्यांच्या हातात.

गिरणाकाठ:
नवा नको, जुनाच बघा. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला तो रोजगार हमीसाठी. आज महिना १०,००० च्या वर पगार असलेला पुरुष कारकून वर्षाला २,५०० भरतो आणि कंपनीचा संचालकही २,५०० च. राज्याला इच्छा असली तरी वाढवता येत नाही, कारण ही कमाल मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये आहे आणि १९८८ पासून तशीच आहे. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे संचालकाचा वर्षाचा कर एका मजुराला जेमतेम आठ दिवस पुरतो. उत्पन्नाप्रमाणे टप्पे पाडायचे तर घटनादुरुस्ती लागेल. आपल्या खासदारांना मत मागायला आल्यावर हेच विचारा.

तापीकाठ:
हाई खरं शे भाऊ. त्यासोबत माझी मागणी आहेच: प्रत्येक खरेदी केंद्रावर ओलावा शेतकऱ्यासमोर मोजा, आकडा पावतीवर लिहा आणि माल परत केला तर कारणासकट लेखी द्या.